लक्ष लागत नाही म्हणता, पण दुधाकडे कोण बघतंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका काकांचं पत्र होतं, की हल्ली पूजेत कुणाचं लक्षच नसतं, आरती चालू असताना मोबाईल, नामस्मरण चालू असताना मोबाईल, आणि त्यात पण बायका जास्त, हात जोडलेले आणि डोळे स्वयंपाकघराकडे. शेवटी त्यांनी कबीराचा दोहा दिलाय, माळ हातात फिरते, जीभ तोंडात फिरते आणि मन चारी दिशांना फिरतं, याला काय स्मरण म्हणायचं. पत्र चांगलं होतं, माझा राग नाही, पण ते स्वयंपाकघराचं वाक्य तीन दिवस टोचतंय म्हणून लिहायला बसले. पत्र मोठं झालं तर खुशाल कापा, फक्त सासूबाईंच्या वहीचं तेवढं कापू नका.

मोबाईलचं आधी संपवते कारण त्यात फार काही नाही. देवळात मोबाईल नको हे मला मान्यच आहे. मद्रास हायकोर्टाने २०२२ च्या डिसेंबरमधे तामिळनाडूतल्या देवळांत मोबाईलला बंदी करायला सांगितलं, केदारनाथला २०२३ मधे फोटो व्हिडिओ काढू नका म्हणून बोर्ड लागले, बरंच झालं, माणूस एवढा डोंगर चढून जातो आणि देवाकडे पाठ करून सेल्फी काढतो हे बघवत नाही. पण काका, मोबाईल काढून घेतला की लक्ष लागलं, असं होत नाही हो. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन सरळ सांगतोय, मन चंचल आहे, दांडगं आहे, वारा धरून ठेवावा इतकं ते आवरणं अवघड आहे. त्याच्याकडे कुठला फोन होता? आणि समोर साक्षात कृष्ण, फोटो नाही, मूर्ती नाही, स्वतः. तरी मन पळतंय म्हणतो. कृष्ण पण त्याच्यावर ओरडला नाही, म्हणाला खरं आहे बाबा, अवघड आहे, पण अभ्यासाने आणि वैराग्याने जमतं. त्याच अध्यायात थोडं आधी आहे की मन जिथं जिथं पळेल तिथून तिथून त्याला माघारी आणायचं. म्हणजे पळणार हे धरूनच चाललंय सगळं. कबीराचं म्हणणं बरोबर आहे पण तो चूक दाखवतो, मग करायचं काय ते त्या दोह्यात नाही.

मी ३१ वर्षं एका सहकारी बँकेत होते, त्यातली २२ कॅशला. काउंटिंग मशीन यायच्या आधी हाताने मोजायचो आम्ही, ओल्या स्पंजला बोट लावायचं आणि मोजायचं, १०० नोटांचं पॅकेट, १० पॅकेटचं बंडल. ६७ वर असताना कुणी पासबुक सरकवून "मॅडम एक मिनिट" म्हटलं की गेलं, परत एकपासून. पण दिवसभरात असं किती वेळा व्हायचं, दोनदा तीनदा, जास्त नाही. लोक म्हणायचे तुमचं लक्ष काय हो जबरदस्त. मला हसू यायचं, कारण घरी मला चहात साखर घातली का नाही हे आठवत नसायचं, दोनदा घालायची किंवा घालायचीच नाही. मग बँकेत कुठून यायचं लक्ष? तर कॅशच्या केबिनला जाळी होती, दाराला आतून कडी होती, जेवायला उठायचं तर दुसरा माणूस येऊन बसल्याशिवाय उठायचं नाही, फोन आला तर शिपाई निरोप लिहून घ्यायचा, आणि सगळ्यात मोठं म्हणजे नोट बोटाखाली असायची. हे सगळं कुणीतरी विचार करून लावून ठेवलेलं होतं. मी फक्त बसत होते त्यात. माझं मन त्यासाठी काही वेगळं नव्हतं.

रिटायर झाल्यावर गुरुजींकडून सत्यनारायण करून घेतला तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकलं की पूजेत पण तसंच सगळं लावून ठेवलंय. इतकी वर्षं ऐकत होते पण कान दुसरीकडे. आता बघा, सुरुवातीला आचमन, प्राणायाम, मग संकल्प. संकल्पात काय असतं तर तुम्ही कुठे बसलाय आणि कधी बसलाय. भरतवर्षे, दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे, मग शालिवाहन शके, संवत्सर कुठलं, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, मग तुमचं गोत्र, तुमचं नाव, आणि मग शेवटी काय करणार आहे ते. अख्ख्या ब्रह्मांडापासून निघून एक एक पायरी खाली उतरत तुमच्या पाटापर्यंत आणून सोडतात. मन पुण्याच्या भाच्याच्या लग्नात असेल तर तिथून उचलून आणायला याहून सोपी युक्ती मला तरी दिसत नाही. (आमची मुलगी जर्मनीत असते, ती व्हिडिओ कॉलवर पूजेला बसली होती, तिने मधेच विचारलं आई मी गोदावरीच्या कुठल्या तीरावर येते गं. गुरुजी सुद्धा हसले. पण प्रश्न बरोबर होता, ती ऐकत होती म्हणून तिला पडला, आम्हाला कधी पडला नाही.)

मग षोडशोपचार. पुरुषसूक्ताच्या १६ ऋचा आणि १६ उपचार, एक ऋचा की एक काम, आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य असं करत करत मंत्रपुष्पापर्यंत. एकाही ऋचेला हात रिकामा नाही. गंध लावा, फूल वाहा, पळीत पाणी घ्या, ताम्हनात सोडा, घंटा वाजवा. आधी मला वाटायचं काय ही लहान मुलांसारखी भातुकली, देवाला काय आसन आणि काय पाय धुवायला पाणी. आता वाटतं ही माझी सोय आहे, देवाची नाही. हात कामात असला की मनाला फार लांब जाता येत नाही, दोरी आखूड राहते. ज्यांना हे काही नको त्यांच्यासाठी मानसपूजा आहेच, सगळं मनातच, रत्नांचं आसन काय आणि गंगाजल काय, पण ती करून बघा एकदा, दुसऱ्या तिसऱ्या उपचारालाच विजेचं बिल भरलं का हे आठवतं.

जपाची माळ पण तशीच. १०८ मणी आणि एक मेरुमणी, मेरू ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. तर्जनी लावायची नाही, अंगठा आणि मधलं बोट. आणि गोमुखी, त्या पिशवीत हात घालून जप करायचा. ती कशासाठी तर माळ कुणाला दिसू नये असं सांगतात, माझ्या मते स्वतःला पण दिसू नये म्हणून असेल, नाहीतर अजून किती राहिली हेच बघत बसतो माणूस. मेरू ओलांडायचा नाही यातली गंमत मला जप करायला लागल्यावर कळली. हात यंत्रासारखा चाललेला असतो आणि बोटाला एकदम मोठा मणी लागतो, दचकायला होतं, अरे आलो की काय, आणि माळ उलटवायला लागते. म्हणजे १०८ मधे एकदा तरी तुम्हाला जागं करतात. मनुस्मृतीत जपाचे भाव लावलेत, यज्ञापेक्षा जप १० पट, ओठातल्या ओठातला १०० पट आणि मनातला १००० पट. असेल. पण आमच्यासारख्या नवशिक्यांनी हजाराच्या मागे लागू नये असं मला वाटतं, मोठ्याने म्हणावं, निदान स्वतःला ऐकू तरी येतं की आपण म्हणतोय का थांबलोय.

आता काकांनी जे लिहिलं नाही ते मला लिहायचंय. लक्ष जायचं खरं कारण खिशातल्या मोबाईलपेक्षा स्विचमधे आहे. आमच्या गल्लीच्या गणपतीला चार वर्षांपासून स्पीकरवर आरती लावतात. देवळात तर मोटारीचा नगारा आणि घंटा, बटण दाबलं की ढाण ढाण ढाण, म्हणणाऱ्याचा आवाज त्यात बुडून जातो म्हणून मग कुणी म्हणतच नाही. आमच्या लहानपणी आम्ही काय काय म्हणायचो, फणिवरबंधनाला फळीवर वंदना, संकटी पावावे ला संकष्टी पावावे, लवथवतीला लवलवती, त्यावर आता व्हॉट्सअपला विनोद फिरतात, फिरू देत. चुकीचं म्हणत होतो पण म्हणत तर होतो. टाळ कुणाला मिळणार यावर भांडणं व्हायची, ज्याला नाही मिळाला तो टाळ्या, एकाकडे ताम्हन, एकाकडे शंख (त्याला वाजवता येत नसला तरी), आणि आरती लांबली की तबक धरणाऱ्याचा हात दुखायचा आणि तो डोळ्याने खुणा करायचा. आता सगळे हात मोकळे. मोकळा हात आपोआप खिशात जातो आणि खिशात काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. मोबाईल शेवटी आला काका, आधी आपण हातातला टाळ काढून घेतला. गेल्या वर्षी तर यूट्यूबवर आरती लावलेली, दुर्गे दुर्घट च्या मधे कपड्याच्या साबणाची जाहिरात लागली आणि सगळे हात जोडून, डोळे मिटून ती पूर्ण ऐकत उभे राहिले. स्किप करायला कुणी पुढे झालं नाही.

हे माझ्या बाबतीत पण झालेलं आहे म्हणून बोलते. बँकेत मोजायचं मशीन आलं तेव्हा पहिलं वर्ष मी फार खूष, बोटं दुखायची थांबली. मशीन फर्रर्र करतं, आकडा येतो, आपण आकडा बघायचा. हळूहळू नोट बघायची सवयच गेली. ऐन दिवाळीत पाचशेची एक खोटी नोट माझ्या हातून आत गेली आणि पदरचे पाचशे भरले. हाताने मोजत होते तेव्हा अशी नोट अंधारात पण कळायची, बोटाला वेगळी लागायची.

आता वही. माझ्या सासूबाई गोंदवलेकर महाराजांच्या मानणाऱ्या, माण तालुक्यात गोंदवलं आहे तिथले ब्रह्मचैतन्य महाराज, नामाशिवाय दुसरं काही सांगितलं नाही त्यांनी. श्रीराम जय राम जय जय राम, तेरा अक्षरं. सासूबाई हे लिहायच्या. लाँगबुक, निळं पेन, एका ओळीत एकदा. त्या गेल्यावर माळ्यावरून ४३ वह्या निघाल्या. आमचे हे म्हणाले नदीत सोडू, मी म्हटलं थांबा जरा, आणि दुपारी एक उघडून बसले, मग दुसरी, मग रोज दुपारी हाच उद्योग.

बघणाऱ्याला वाटेल त्यात काय वाचायचं, एकच ओळ. पण मला कॅशियरची नजर, एकसारख्यात वेगळं काय ते लगेच दिसतं. पहाटेची पानं ओळखू येतात, अक्षर गोल, रेघेवर बसलेलं. मग पुढे अक्षर तिरकं व्हायला लागतं, जय जय च्या जागी एकच जय, किंवा तीन जय. आणि मग मधेच, श्रीराम जय राम जय जय दूध. खोडलेलं नाही, खाली पुढची ओळ बरोबर. एका वहीत श्रीराम जय राम गॅस, एवढंच, ओळ अर्धी सोडलेली आणि पुढची ओळ वेगळ्या पेनाने. एका ठिकाणी समासात फोन नंबर, सहा आकडी, कुणाचा ते नाही. एका ठिकाणी म ची रेघ ओढत ओढत पानाच्या बाहेर गेलेली, तिथं डोळा लागला असणार. एका पानावर हळदीचा अंगठा. आणि एका वहीत, तारीख टाकलेली नाही पण माझ्या मोठीच्या वेळचं असावं, एक अख्खं पान श्रीराम जय राम जय जय राम आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी बारीक अक्षरात सुटू दे. मी बाळंतपणात अडले होते त्या रात्री.

तर काका, हे लक्ष नसणं का? मला नाही सांगता येत. कबीराच्या मापाने नापासच. पण दूध लिहिल्यावर खालची ओळ परत श्रीरामने सुरू झालीये ४३ वह्यांत प्रत्येक वेळेला, एकदाही दुधापाशी वही संपलेली नाही.

आणि आता सासऱ्यांचं सांगते, ते पण गेले, वाईट बोलायचं नाही पण खरं बोलायला हरकत नाही. सासऱ्यांची पूजा साडेसहा ते पावणेआठ. सोवळं नेसून बसले की जगाशी संबंध नाही. घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही, रेडिओ नाही, भांडं पडलं तर सगळ्यांच्या पोटात गोळा. त्यांची एकाग्रता आमच्या आळीत प्रसिद्ध होती, लोक उदाहरण द्यायचे. त्या सव्वा तासात फुलं आधी तोडून दुरडीत कोण ठेवायचं, गंध कोण उगाळायचं, समईच्या वाती कोण वळायचं, दूधवाला आला तर कडी वाजवायच्या आत दारात कोण जायचं, पोरं उठून रडायच्या आत त्यांना परसात कोण न्यायचं, नैवेद्याची वाटी बरोबर कुठल्या मंत्राला पुढे सरकवायची ते कान देऊन कोण ऐकायचं. सासऱ्यांचं लक्ष देवाकडे आणि सासूबाईंचं लक्ष सासऱ्यांच्या लक्षाकडे. एकदा सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तीन दिवस त्या दवाखान्यात, मी सकाळची तिकडे डबा घेऊन. त्या तीन दिवसांत सासरे पूजेतून चार वेळा उठले, एकदा कुकरसाठी, आणि पूजा अर्ध्या तासात उरकून दिवसभर चिडचिड, की आज मनच लागलं नाही. आम्ही कुणी काही बोललो नाही.

गोरोबाकाकांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तेरचे गोरा कुंभार, नामात इतके रंगले की चिखल तुडवता तुडवता पोटचं पोर पायाखाली आलं ते कळलं नाही. पुढे पांडुरंगाने मूल परत दिलं. कीर्तनात ही गोष्ट तल्लीनतेचं टोक म्हणून सांगतात आणि लोकांच्या डोळ्यात पाणी येतं, माझ्या पण येतं. पण मी जरा वाकडी आहे, मला लहानपणापासून त्यांच्या बायकोचंच डोक्यात येतं, ती पाणी आणायला गेली होती आणि जाताना पोराकडे बघा म्हणून सांगून गेली होती. ती पण नामात रंगली असती तर पाणी कुणी आणलं असतं. गोरोबा मोठेच, त्यात शंका नाही, बायकोने घातलेली विठ्ठलाची शपथ मोडली म्हणून त्यांनी नंतर स्वतःचे हात तोडून घेतले. पण ही गोष्ट सांगून झाल्यावर बुवांनी एखादं वाक्य तिच्यावर बोलावं असं मला वाटतं, चाळीस वर्षांत एकदाही ऐकलं नाही.

बायकांची भक्ती म्हणून तर जात्यावर झाली सगळी. जनाबाई दळताना म्हणायची, आमच्या आजीपर्यंत ते चालू होतं. एक घास टाकायचा, खुंटा धरायचा, एक फेरा एक ओळ. पाटावर बसून डोळे मिटायला सव्वा तास कोण देणार होतं, मग जे हातात होतं त्यालाच माळ केलं. गिरण्या आल्या ते चांगलंच झालं, खांदे वाचले बायकांचे, मला काही जातं परत आणायचं नाहीये.

पतंजलींच्या योगसूत्रात चित्त विचलित करणारे नऊ अडथळे मोजलेत, त्यात पहिला नंबर कुणाचा तर व्याधी. आजारपण. आळस पाचवा आहे. म्हणजे ऋषींना सुद्धा आधी विचारावंसं वाटलं की बाबा तब्येत बरी आहे ना, गुडघे दुखत नाहीत ना, मग आळशी म्हणूया. आणि आपण डायरेक्ट श्रद्धा कमी झाली इथूनच सुरू करतो. माझ्या मैत्रिणीचा नातू दहा मिनिटं मांडी घालून बसत नाही म्हणून घरात रोज रडारड, शुभंकरोतीला, तर त्याला उभं राहून म्हणू दे की, समईत तेल घालायचं काम दे त्याला.

या सगळ्यात मला सगळ्यात शहाणी पद्धत वाटते ती आमच्या माहेरच्या सप्ताहाची. वाळव्याच्या बाजूला माझं माहेर, लहान गाव. अखंड हरिनाम सप्ताह, सात दिवस, पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. आणि सात दिवस सात रात्री वीणा खाली ठेवायची नाही. आता सात दिवस एका माणसाला उभं राहून नाम घ्यायला सांगितलं तर तो दुसऱ्या दिवशी आडवा होईल. म्हणून पहारे असतात. फळ्यावर खडूने नावं लिहितात, अमक्याचा पहारा अमक्या वेळेला. पुढचा येतो, वीणेकऱ्याच्या पाया पडतो, गळ्यातून गळ्यात वीणा, आणि पहिला घरी जाऊन म्हशीची धार काढतो. नाम अखंड राहतं आणि माणसं तुकड्या तुकड्याने येतात जातात. रात्री दोन ते चारचा पहारा कुणाला नको असतो, तो तरुण पोरांना देतात आणि त्यांना डुलकी लागू नये म्हणून कुणीतरी म्हातारा बाजूला घोंगडी पांघरून बसतो, चहाचा थर्मास घेऊन. आम्ही लहान होतो तेव्हा बायकांना पहारा नव्हता, आता दुपारचा देतात, कारण दुपारी पुरुष रानात असतात, असो, वीणा गळ्यात आली हे काही कमी नाही. मी रिटायर झाल्यावर एकदा घेतला. वीणा हलकी असते पण उभं राहायला लागतं, आणि आपल्या तारेचा आवाज थांबला तर अख्ख्या देवळाला कळतं, मग मन कुठे जाणार. मला त्या वेळात एकदाच घर आठवलं. एकदाच म्हणजे माझ्यासाठी रेकॉर्ड आहे. पण घरी तेव्हा वहिनी होती आणि तिने निघताना सांगितलं होतं, ताई जा तुम्ही, इकडचं मी बघते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की काका, तुम्ही पत्र लिहा, जरूर लिहा, पण पत्र बायकांना लिहू नका, घराला लिहा. घरात सकाळी कुणाचा पहारा कधी हे फळ्यावर लिहायला काय हरकत आहे. वीस मिनिटं एकाने देवाकडे बघावं आणि दुसऱ्याने दुधाकडे, मग बदली. आणि आमच्या गल्लीतल्या मंडळाची पोरं तुमचा पेपर वाचत असतील (स्पोर्ट्सचं पान तरी वाचतात), तर यंदा तो स्पीकर बंद ठेवा आणि चार टाळ आणि एक ढोलकी आणा, पैसे मी देते, चुकलं तर चुकू दे, फळीवर वंदना तर फळीवर वंदना. संपादकसाहेब, तुम्हाला पण एक, तुमच्या पुरवणीत ते पाच मिनिटांत एकाग्रता वाढवा असं दर महिन्याला येतं, ते मी दर महिन्याला वाचते आणि दर वेळी वाचता वाचता मधेच उठते.

नातेवाईकांना पण या निमित्ताने सांगते, माझी जपाची वेळ सकाळी सहा ते सहा वीस आहे, त्या वेळात फोन करू नये, उचलला जाणार नाही. घरी वाटणी झालेली आहे, त्या वीस मिनिटांत दूध आमच्या ह्यांच्याकडे. माळ चुकली, किती झाले ते विसरलं, तर सासूबाई म्हणायच्या पुढं जा गं, राम काय तिथं टॅली करत बसलाय. पण माझी कॅशियरची खोड जात नाही. काल सव्वासहाला दूध उतू गेलेलं मी ऐकलं. ह्यांचा "अरे अरे" पण ऐकला. उठले नाही. पण माळ कुठवर आली होती ते गेलं, मग परत मेरूपासून.

आपली नम्र,
एक निवृत्त कॅशियर, सांगली